कारणाचा रकाना

अंबडला मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले, त्या घरात सकाळ, दुपार, संध्याकाळ नव्हती. तिथं पाळ्या होत्या. पहाटे चार ते दुपारी बारा पहिली पाळी, बारा ते आठ दुसरी, रात्री आठ ते पहाटे चार तिसरी. घरमालक काका अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण कारखाना त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. पहिल्या दिवशी मी पेटी आणि गादीची वळकटी घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कॉलेज कोणत्या पाळीत हाय?"

"सकाळचं आहे, काका."

"सकाळ म्हंजे काय? बराबर सांग."

"साडेसात ते साडेबारा."

"मंग पहिली पाळी, अन् अर्धा तास ओव्हरटाइम," ते म्हणाले. "जा, आत काकूला रिपोर्ट कर."

हे सगळं ते न हसता बोलले. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मला वाटलं, माणूस रागीट दिसतो, इथं आपलं निभणार नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा दोन बोटांवर सारखा फिरत होता, साखरेचा दाणा चिमटीत धरून त्याची जाडी बघावी तसा. केमिस्ट माणूस, हाताला सवय लागली असेल, असं मी समजले. दोन दिवसांनी काकूंनी सांगितलं की ती सवय नाही, आजार आहे. कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. हात कापतो, चाल आखडते, आवाज बारीक होतो आणि चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागतो. "आतून हसतेत ते," काकू म्हणाल्या, "बाहेर यायला जरा उशीर होतो."

त्यांची लेक हसनाबादला दिलेली होती आणि आमचं गाव तिथून जवळ. तिच्या शब्दावर मला ती खोली मिळाली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बी.एस्सी.ला होते आणि त्यात आहारशास्त्र हा विषय घेतला होता. तो विषय कळल्यावर काकांनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. त्या दिवसापासून मी "अप्रेंटिस" झाले. "अप्रेंटिस, चहा घेतला का?" "अप्रेंटिस, आज काय शिकवलं?" गल्लीतल्या बायकांना बरेच दिवस माझं आडनावच तसं असावं असं वाटत होतं.

काकांकडं एक रजिस्टर होतं. लांब, कापडी पाठीचं, कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतं तसं. त्यात आडव्या ओळी आणि उभे रकाने त्यांनी स्वतः पट्टी धरून आखलेले. वेळ, गोळी, काय खाल्लं, काय प्यालं, चाल, मिल बंद, कारण, ड्युटी केमिस्टची सही. ड्युटी केमिस्ट अर्थातच ते स्वतः. चाल म्हणजे अंगणातल्या बाजेपासून नळापर्यंत जायला लागलेले सेकंद. त्यासाठी दोरी बांधलेलं एक जुनं स्टॉपवॉच गळ्यात असायचं. नीट दिवस असला की चौदा सेकंद. गोळीचा असर उतरला की तीस, चाळीस, कधी मध्येच पाय जमिनीला चिकटून बसायचे आणि सेकंद मोजण्यात अर्थ उरायचा नाही. त्याला ते "मिल बंद" म्हणत. कारखान्यात ऊस गाळायचं यंत्र थांबलं की किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं आणि कारण काय, हे लिहावंच लागतं. तसंच इथं. "मिल बंद, ११.२० ते ११.४५. कारण: गोळीला उशीर." "मिल बंद, ४.१० ते ४.३०. कारण: पाहुणे आले, घाई."

कारणाचा रकाना मोकळा सोडायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. कारण कळलं नसेल तर लिहायचं, "कारण शोधणे". दुसरा नियम, चुकलेली नोंद खोडायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. मग वर बरोबर नोंद लिहायची आणि शेजारी सही करायची. "गिचमिड केली म्हंजे माणूस काहीतरी लपवून राह्यला," ते म्हणत. "एक रेघ मारली म्हंजे माणूस सुधारून राह्यला."

आजाराबरोबर त्यांचं अक्षर बारीक होत चाललं होतं. रजिस्टरच्या सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढं होतं ते मी राहायला आले तोवर तिळाएवढं झालं होतं, पुढं खसखशीएवढं. काकू म्हणायच्या, "कुणासाठी लिहिता? मुंग्यांना वाचायला?"

"मुंग्या साखरेवर येतेत," काका म्हणायचे. "रजिस्टर साखरेचं हाय, येऊ दे."

तिसरा नियम मला फार उशिरा कळला. तो त्यांनी एकदा भाकरी खाता खाता सांगितला. नवीन नोकरीला लागले तेव्हा एकदा पाकाची एक अख्खी कढई करपली. साहेबांनी नोंद लिहायला बोलावलं आणि म्हणाले, कारण लिही, त्या पाळीच्या कामगाराचं नाव लिही. काकांनी लिहिलं, "कारण: वाफेचा व्हॉल्व्ह गळका." साहेब चिडले. काका म्हणाले, "साहेब, नाव लिहिलं तर माणूस जाईल. व्हॉल्व्ह तसाच राहील." व्हॉल्व्ह बदलला गेला. माणूसही राहिला. "कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं न्हाई," ते मला म्हणाले. "नाव लिहिलं की शोध बंद होतो."

मी मान हलवली. परीक्षेत असलं काही विचारत नाहीत, म्हणून वहीत लिहून घेतलं नाही.

त्यांच्या खाण्यापिण्याच्या गोष्टी गल्लीत प्रसिद्ध होत्या. या आजारात पोट साफ होत नाही, आणि पोट तुंबलं की गोळीही नीट लागत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या भाषेत त्याला "पाइपलाइनीत गाळ साचणं" असं नाव होतं. त्यावर ज्वारीची भाकरी, पपई, जवसाची चटणी आणि ओट्यावर रांगेत मांडून ठेवलेले पाण्याचे आठ तांबे. प्यालेला तांबा उपडा ठेवायचा. दुसरी पाळी संपताना एखादा तांबा सुलटा दिसला की काकूंची चौकशी व्हायची, जणू त्यांनीच प्यायचं पाणी होतं ते.

हाडांसाठी ऊन. सकाळी नऊ-साडेनऊला बनियन काढून, पाठ उन्हाकडं करून ते बाजेवर बसायचे. स्टॉपवॉच लावलेलं. वीस मिनिटं झाली की उठायचे. शेजारची वहिनी कुंपणावरून काकूंना विचारायची, "काकू, आज काकांचं वाळवण घातलं का?"

"घातलंय ना," काकू म्हणायच्या. "पलटी करायचं राह्यलं."

काका तिकडं न बघता म्हणायचे, "पापड कडक झाला पायजे. नरम पापड पडला की मोडतो."

शरीराचं त्या उन्हावर भागत नव्हतं, म्हणून ड जीवनसत्त्वाची पुडीही होती. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. काकूंनी ती बाजारच्या दिवसाला बांधून टाकली होती. आठवडी बाजार भरला, पिशवी घेऊन जायच्या आधी पुडी द्यायची, म्हणजे विसर पडत नाही. पद्धत उत्तम होती. पण एकदा दोघं लेकीकडं हसनाबादला गेले आणि तिथला बाजार वेगळ्या दिवशी भरला. काकूंनी बाजार बघितला आणि पुडी दिली. परत आल्यावर रजिस्टरमध्ये नोंद सापडली, "पुडी दोनदा. कारण: दोन बाजार, एक आठवडा." डॉक्टरांना फोन करून विचारलं. एखाद्या वेळी झालं तर घाबरू नका, पण पुन्हा नको, आणि पुढच्या आठवड्याची चुकवा, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून पुडीवर काकांनी लिहून ठेवलं, "फक्त अंबडचा बाजार."

ज्याच्यावर किती टक्के लिहिलेलं नाही ते पोटात घालायचं नाही, हाही त्यांचा हट्ट होता. त्यांचा एक जुना सहकारी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण घेऊन आला. कंपवातावर रामबाण, म्हणाला, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, कारण गोळीत जे असतं तेच त्या बियांतही असतं. काकांनी डबी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "यात टक्केवारी किती?"

"अरे, झाडाच्या बियांना टक्केवारी असती का?"

"उसाला असती," काका म्हणाले. "मी गोळी खाऊन राह्यलो. त्यात हे किती पडलं ते कळणार न्हाई. मंग हात जास्त हलला तर मी कुणाला विचारू, गोळीला का बियाला?" डबी डॉक्टरांकडं दाखवायला म्हणून कपाटात गेली. डॉक्टरांनी गोळीबरोबर ती घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. सहकारी आला की काका तिच्यावरची धूळ मात्र मन लावून पुसायचे.

हे सगळं मी मजेनं सांगते आहे, पण त्या घरात एक भीती कायम होती. काका पडतील ही. चालता चालता पाय चिकटतात, अंग पुढं जातं आणि माणूस कोसळतो. दाराच्या उंबरठ्यावर तर हमखास. म्हणून काकांनी न्हाणीघराच्या वाटेवर खडूनं आडव्या रेघा मारल्या होत्या, हातभर अंतरावर. "सपाट जमिनीवर पाय विसरतो," ते म्हणायचे. "रेघ दिसली की त्याला काम सापडतं. ओलांडायचं." खरोखरच तसं व्हायचं. जो पाय फरशीवर अडून बसायचा तो रेघ दिसली की उचलायचा.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पावसाळ्यानंतर त्यांच्या हाडांची तपासणी झाली. हाडं विरळ झालीत, पडलात तर खुब्याचं हाड मोडेल, आणि या आजारात खुबा मोडला की माणूस अंथरुणातून उठेलच असं नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. कॅल्शियम, पुडी, ऊन आणि खाण्यात प्रथिनं वाढवा म्हणाले. कागद घेऊन काका घरी आले ते थेट माझ्या खोलीच्या दारात.

"अप्रेंटिस, तुझी पाळी. सांग, काय काय वाढवायचं?"

मला किती आनंद झाला ते आता लिहायला संकोच वाटतो. आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. घरी वडील मला पत्रावर सही कुठं करायची तेवढं विचारायचे. इथं एक केमिस्ट माणूस मला विचारत होता. मी वही उघडली आणि बसून तक्ता तयार केला. सकाळी दूध एक पेला आणि उकडलेलं अंडं. दुपारी घट्ट वरण आणि दही. संध्याकाळी पुन्हा दूध.

काकूंनी विचारलं, "गोळी कशी द्यायची गं? नुसत्या पाण्यासोबत देते, तर उपाशीपोटी गरम पडती. ह्यांना मळमळतं."

"दुधासोबत द्या ना, काकू," मी म्हणाले. "पोटालाही बरं आणि हाडांनाही."

आमच्याकडं कुठलीही गोळी दुधासोबत घेतात. ताप असो, अंगदुखी असो. दूध थंड, गोळी गरम. काकूंना ते लगेच पटलं. मलाही दुसरं काही सुचलं नाही, कारण मी शिकलेली होते तरी वाढले होते त्याच घरात, जिथं माझी आई हेच करायची. काकांनी तक्ता रजिस्टरमध्ये चिकटवला आणि खाली लिहिलं, "तक्ता: अप्रेंटिस."

आठ-दहा दिवसांत काका बिघडले. चौदा सेकंदांची चाल पंचवीसवर गेली, मग चाळीसवर. मिल दिवसातून चार-पाच वेळा बंद. खडूच्या रेघाही कमी पडू लागल्या. एका सकाळी न्हाणीघराच्या उंबरठ्यावर ते अडकले आणि पुढं झुकले. काकूंनी मागून सदरा धरला म्हणून बचावले. सदरा फाटला. पुण्याहून मुलगा आला. बघितलं आणि बाहेर अंगणात येऊन मला हळू आवाजात म्हणाला, "आजार वाढलाय. मी चाकाची खुर्ची मागवतो."

आतून काकांचा बारीक आवाज आला, "खुर्ची मोळीच्या दिवशी कुठं न्यायची, पायऱ्यांवर?"

मोळीचा दिवस म्हणजे कारखाना सुरू होण्याचा दिवस. उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतात, पहिला रस निघतो. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी काका त्या दिवशी अंकुशनगरला जायचे, गेटपासून प्रयोगशाळेपर्यंत चालत, आणि पहिल्या रसाचा घोट घेऊन त्यातली साखर किती ते सांगायचे. मग यंत्रावर मोजायचे. एकदा सोडून त्यांचा अंदाज कधी चुकला नाही, असं ते सांगत. ती मोळी तीन आठवड्यांवर आली होती. त्या माणसाला दुसरं काही नको होतं. स्वतःच्या पायानं गेट ते लॅब. एवढंच.

मला रात्री झोप लागेना असं काही झालं नाही, कारण माझ्या मनात शंकाच आली नव्हती. उलट मी काकूंना म्हणाले, दूध दोन्ही वेळचं पूर्ण देता ना? कमी करू नका हं, आता तर जास्तच गरज आहे.

मिल बंद पडलेल्या एकोणीस दिवसांच्या कारणाच्या रकान्यात एकच नोंद होती. "कारण शोधणे." खसखशीएवढ्या अक्षरात, ओळीखाली ओळ.

मग एक दिवस मी कॉलेजातून आले तर काका रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. मुलगा शेजारी, काकू दाराला टेकून. मुलगा म्हणत होता की डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून घेऊ. काका म्हणाले, "आधी रजिस्टर, मंग गोळी." मग मला हाक मारली. "अप्रेंटिस, हिकडं ये. मला बारीक दिसत न्हाई, वाच. चाल कोणत्या दिवशी बरी?"

मी बोट फिरवत गेले. चाळीस, अडतीस, बेचाळीस, सोळा.

"सोळा! त्या दिवशी काय खाल्लं?"

"दूध नासलं, असं लिहिलंय. गोळी पाण्यासोबत घेतली."

"फुडं."

एकेचाळीस, सदतीस, चव्वेचाळीस, पंधरा. त्या दिवशी गवळी आला नव्हता.

मी तिथं थांबले. काकू म्हणाल्या, "अगं बाई." मुलगा माझ्याकडं बघायला लागला आणि मी खाली.

"दोन नोंदीवर निकाल देत न्हाईत," काका म्हणाले. "चाचणी करू." दुसऱ्या दिवशी गोळी पाण्यासोबत आणि पाऊण तास तोंडात काही नाही. सोळा सेकंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधासोबत, मुलानं आणि काकूंनी दोन्ही बाजूंनी धरून. मिल बंद. मग त्यांनी संभाजीनगरला डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाल्या, "मी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, काका. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. दुधातली, डाळीतली, अंड्यातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच वाटेनं आत जातात. गर्दी झाली की गोळी मागं राहते."

काकांचा चेहरा तसाच होता, पण डोळे चमकले. "म्हंजे गेटवर नंबर लागत न्हाई," ते म्हणाले.

"कसला नंबर?"

"उसाच्या गाड्यांचा. गेट एकच हाय. दुधाचे ट्रॅक्टर आधी येऊन उभे राह्यले, गोळीची बैलगाडी पार मागं. मंग तिला आत जायला संध्याकाळ."

डॉक्टर फोनवर हसल्या. म्हणाल्या, हे मी बाकीच्या पेशंटना सांगू का? काका म्हणाले, बिलकुल सांगा.

मग मी विचारलं, "मॅडम, पण हाडं? दूध बंद केलं तर?"

"बंद कशाला?" डॉक्टर म्हणाल्या. "प्रथिनं कमी नाही करायची, वेळ बदला. बराचसा भाग संध्याकाळच्या जेवणात. दिवसा हलकं. मळमळ झालीच तर गोळीसोबत भाकरीचा कोरडा तुकडा चालेल."

"पाळी बदल," काका म्हणाले. "प्रथिनाची ड्युटी दुसऱ्या पाळीच्या शेवटाला."

फोन ठेवला. सगळे आत गेले. मी रजिस्टरसमोर बसून होते. त्या एकोणीस ओळी मला बघवत नव्हत्या. त्या ओळींतल्या एकीत काकूंनी सदरा धरला होता, आणि धरला नसता तर. मी म्हणाले, "काका, हे पान फाडू का? मी सगळं नवीन लिहून देते."

"पान फाडलं तर सीझन फाटला," ते म्हणाले. "लाल पेन आण."

मला वाटलं, आता ते माझं नाव लिहितील. "तक्ता: अप्रेंटिस" असं त्यांनीच तक्त्याखाली लिहिलेलं होतं. त्यांनी कापत्या हातानं पट्टी धरली आणि पहिल्या "कारण शोधणे"वर एक रेघ मारली. वर लिहिलं, "दूध, गोळीसोबत." मग दुसऱ्यावर. तिसऱ्यापाशी हात थकला, तेव्हा पेन माझ्याकडं दिलं. "लिही. एकोणीसच्या एकोणीस." मी लिहीत गेले. सगळं झाल्यावर मी म्हणाले, "काका, चूक माझी होती."

मग त्यांचं ते उशिरा येणारं हसू ओठांच्या एका कोपऱ्यात आलं. "व्हॉल्व्ह सापडला ना?" ते म्हणाले. "मंग?"

काका आता नाहीत. मी पुढं शिकले, आता जालन्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ते त्यानंतर सहा वर्षं जगले आणि गेले ते न्यूमोनियानं. दोन-तीनदा पडले, पण एकही हाड मोडलं नाही. मुलानं मला फोनवर सांगितलं, तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तेव्हा गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, काकांची हाडं लई भक्कम व्हती, बघा, तशीच्या तशी हायेत. त्यावर आम्ही दोघं फोनवर हसलो. काकांनी ही नोंद नक्की केली असती.

पण मला ते आठवतात ते मोळीच्या त्या दिवशीचे.

गोळी नऊ वाजता पाण्यासोबत, रिक्षा सव्वानऊला. गेटवर पोचलो तेव्हा मिल चालू होती, त्यांची. जुन्या लोकांचा सत्कार झाला. प्रत्येकाला नारळ, पेढा आणि दुधाचा चहा. काकांनी चहाला हात जोडले आणि पेढा कागदात बांधून खिशात ठेवला. देणाऱ्याला म्हणाले, "दुसऱ्या पाळीत खातो." मग गेटपासून निघाले. मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या, कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद. ते चालले. पाय घासत, पण चालले. वाटेत कामगार थांबून नमस्कार करत होते.

लॅबच्या दारात उंचच उंच उंबरठा होता. तिथं मिल बंद पडली.

पाय जमिनीला चिकटले. अंग थरथरायला लागलं. आतून नवीन केमिस्ट मुलं बघत होती, मागं माणसं जमली. मुलगा म्हणाला, "बाबा, धरतो." काका म्हणाले, "धरू नको." मग कुणी खुर्ची आणा म्हणालं, कुणी उचलून घ्या म्हणालं. काकांचे डोळे जमिनीवर काहीतरी शोधत होते. मला ते ओळखीचं होतं. ते रेघ शोधत होते, आणि सिमेंटची जमीन सपाट, कोरी.

बाजूला बैलगाडी उभी होती. मी तिच्यातून ऊस ओढून काढले, पाच, आणि दारापर्यंत हातभर अंतरावर आडवे टाकले. शेवटचा उंबरठ्याला लागून. गाडीवान ओरडला, "ओ बाई, वजन झालेला ऊस हाय तो!"

काका त्याच्याकडं न बघता म्हणाले, "घट माझ्या नावानं लिही." आणि पहिला ऊस ओलांडला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी जरा थांबले. चौथा, पाचवा, आणि पाय उंबरठ्याच्या आत.

रसाचा घोट त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरून घेतला. अर्धा सदऱ्यावर सांडला. डोळे मिटून म्हणाले, "सतरा." यंत्रानं सोळा पूर्णांक सहा दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांना ते पटलं नाही. "चुकलं," म्हणाले. "एक रेघ मारा."

घरी आल्यावर, दुसरी पाळी चालू होऊन गेल्यावर, त्यांनी रजिस्टर मागवलं. मीच लिहायला बसले, ते सांगत गेले. "गेट ते लॅब, स्वतःच्या पायानं. मिल बंद, दारात, तीन मिनिटं. कारण: उंबरठा. उपाय: ऊस, पाच." मग खिशातून पेढा काढून त्यांनी तोंडात टाकला.

मी रजिस्टर सहीसाठी त्यांच्या पुढं सरकवलं. ते पेढा चघळत राहिले, बोटानं "ड्युटी केमिस्ट" हा रकाना शोधला आणि रजिस्टर फिरवून परत माझ्याकडं केलं.

"कर," ते म्हणाले.